आयुधपूजेच्या सकाळी सुटलेली पाटी

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी देवाप्पाच्या फटफटीमागची नंबराची पाटी खण्णकन खाली पडली, आणि आमच्या गल्लीला देवदर्शनापेक्षा बरं काहीतरी बघायला मिळालं.

एकसष्ट साल असेल. कानडी मुलखात, आनेकलच्या अलीकडं आमची आठ-दहा मराठी घरं. पूर्वज म्हणे फौजेबरोबर घोड्यांवरून आले. पुढं घोडी गेली, आम्ही नाचणी पेरत राहिलो. तीनशे वर्षांनी पुन्हा कुणी स्वार झालं असेल तर तो देवाप्पा, लष्करानं टाकून दिलेल्या फटफटीवर. तिच्यावरून उतरलेला माणूस घरात आल्यावरही अर्धा तास हलत असायचा. माणसाची ही गत, तर बोल्टांना काय बोलायचं? कुठं गळाले ते त्यांनाच ठाऊक.

एरवी कुणी फिकीर केली नसती. पण आनेकलच्या नाक्यावरच्या रघुपती पोलिसानं देवाप्पाला दोनदा बिनपाटीचा धरला होता. ‘तिसऱ्यांदा सापडलास तर गाडी ठाण्यात ठेवून घेणार’ असं बजावलं होतं. आणि आज टोपलीभर शेवंती दुपारच्या आत बाजारात पोचवायची होती. या एका दिवसासाठी नवराबायकोनं चार महिने पाणी वाहिलेलं. उद्या तीच फुलं म्हशीपुढं टाकायची, आणि म्हैसही तोंड फिरवणार. बसचं विचारू नका; तीसुद्धा हार घालून पूजेला उभी होती.

"आये, पाना दे गं!" देवाप्पा ओरडला.

गंगव्वा उंबऱ्यात आली. "पाना देवाफुडं बसलाय. पक्कडबी, कुदळबी, विळाबी. वर्सातनं येक दीस इसावा हाय त्यास्नी. लोखंडाला आज हात लावायचा न्हाई. उद्या घे."

"आन् फटफटी? तिचीबी पूजा केलीस की! ती चालती व्हय?"

"ती गाडी हाय. पूजा झाल्यावर चाकाखाली लिंबू चिरडून येक चक्कर मारायचीच आसती."

"आनेकलपतोर?"

"कितीबी लांब मार. चक्कर ती चक्करच."

गंगव्वाच्या शास्त्रात वकिलाला जागा नव्हती. तारही लोखंडाची, खिळाही लोखंडाचा, म्हणून तेही बंद.

देवाप्पानं नाचणीच्या पिठाची खळ केली आणि पाटी चिकटवून उन्हाकडं तोंड करून गाडी उभी केली. तेवढ्यात गाय आली. तिनं खळ चाटली, पाटीही चाटली. पाटी पडली खरी, पण नंबर पहिल्यांदाच लांबून वाचता येऊ लागला.

मी म्हटलं, "सुतळीनं बांध." त्यानं बांधली. इंजिन सुरू केलं. पाटी कोंबडीच्या अंगावर. त्यानंतर माझा सल्ला कुणी विचारला नाही.

या सगळ्या वेळात त्याची बायको ठकुबाई ओट्यावर बसून हार बांधत होती. शेवटचं फूल संपल्यावर ती उठली.

"झालं आसंल शेणकाम, तर सरका स्वल्प."

"तुला काय कळतंय गं फटफटीतलं?"

"न्हाई कळत. गाठ कळती."

फुलांची टोपली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी कॅरियरला बांधली होती. त्यातली एक तिनं सोडली. पाटीमागं गोणपाटाची घडी ठेवली, म्हणजे पत्रा वाजायला नको. मग पट्टी ताणून एका भोकातून घातली, मागच्या दांडीला वेढा दिला, दुसऱ्या भोकातून काढली, पुन्हा वेढा. प्रत्येक वेढा आधीच्यावर चढवून ओढायचा आणि टोक शेवटच्या फासाखाली दडवायचं. हार बांधताना करतात तस्संच.

"आता हिसका बसंल तशी आवळंल," ती म्हणाली. टोपलीला एकच पट्टी उरली, म्हणून टोपली धरायला स्वतःही मागं बसली.

पुढची हकिकत मी ठकुबाईच्या तोंडून ऐकली. देवाप्पाच्या तोंडून ऐकली तर तिच्यात ठकुबाई नसते.

नाक्यावर रघुपतीनं गाडी अडवली. पाटी बघून त्याला वाईट वाटलं. वाकून बोल्ट शोधले, ते नव्हते. मग त्याला बरं वाटलं.

"बोल्टू कुठं आहेत, अण्णा?"

"पडत्यात म्हून बांधलीया."

रघुपतीनं पाटी ओढली. एक पाय मडगार्डाला लावून ओढली. मागचं चाक उचललं, पाटी हलली नाही.

"घट्ट आहे," तो नाराजीनं म्हणाला. "पण कायद्यात बोल्टू पाहिजे. चल ठाण्यात, लिहून घेतो."

ठाण्यात गेल्यावर त्याला आठवलं, दौत-टाक आणि वही बंदुकांशेजारी कुंकू लावून बसली होती.

"सरी, बरं. उद्या लिहू. तोवर गाडी इथंच."

"आन् फुलं?" ठकुबाईनं विचारलं.

"फुलांबद्दल कायद्यात काही नाही, अक्का."

इतक्यात फौजदारसाहेबांची जीप, हार घालून, पहिली चक्कर मारायला निघाली. लिंबं चिरडली, आणि जीपचीच पाटी निखळून रघुपतीच्या पायाशी आली. पूजेसाठी जीप धुताना पाटी काढलेली. नंतर बोल्ट बोटांनीच फिरवले होते, कारण पाना तोवर देवापुढं गेला होता. साहेबांना तर दसऱ्यासाठी वरच्या साहेबांकडं जायचं होतं.

साहेब रघुपतीकडं बघत राहिले. रघुपती ठकुबाईकडं.

"अक्का, जरा..."

"कायद्यात बोल्टू पायजे न्हवं?"

"आज आयुधपूजा आहे हो."

ठकुबाईनं टोपलीची दुसरी पट्टी सोडली आणि जीपची पाटी बांधली. साहेबांनी स्वतः ओढून बघितली, टोपी पडेपर्यंत. मग देवाप्पाला म्हणाले, "जा." फुलं बारा वाजायच्या आत बाजारात पोचली, वाटेतल्या सगळ्या खड्ड्यांतून, ठकुबाईच्या मांडीवर.

दुसऱ्या दिवशी पाना मोकळा झाला. देवाप्पा नवे बोल्ट घेऊन बसला, पण त्याला गाठ सुटेना. "सोडून देऊ?" ठकुबाईनं विचारलं. तो तासभर झटला, मग बोल्ट खिशात टाकून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तशी माझीच कल्पना हुती."

जीपची गाठ तर कुणी सोडायलाही गेलं नाही. पुढच्या तीन वर्षांत त्या ठाण्यातनं चार फौजदार हलले. पाटी जागची हलली नाही.