पाय थांबले की होणारी कटकट

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. माझी कहाणी खरं तर कारखान्यापासून सांगायला हवी. पण मला राहून राहून एक पत्रच आठवतं. ते जूनमध्ये आलं आणि त्याला कितीतरी दिवस उत्तर गेलं नाही. त्यात थोडा दोष माझाही होता, असं मला वाटतं.

माझे मालक यज्ञेश्वरपंत. मंगळवार पेठेत राहतात. वाचनालयातल्या नोकरीतून निवृत्त झाले. छत्तीस वर्षांपूर्वी त्यांनी मला घेतलं, तेव्हा माझ्या काळ्या रंगात तोंड दिसायचं. दर हिवाळ्यात पंत आणि त्यांचे हुपरीचे मित्र बाळासो, चांदीचे पैंजण घडवणारे, सायकलींवरून लांब लांब जायचे. लोक कौतुकानं बघायचे. पावसाळ्यात मात्र मी स्टँडवर आणि पंत पुस्तकात. गेल्या वर्षी पाऊस सरला, तेव्हा पंतांचा गुडघा इतका आखडला होता की माझ्यावर टांग टाकताच येईना. डॉक्टर म्हणाले, "आता आणखी एक पावसाळा बसून काढलात, तर सायकल विसरा."

म्हणून या जूनमध्ये पंतांनी मला घराच्या पुढच्या सोप्यात स्टँडवर उभं केलं. मागचं चाक अधांतरी. पाटावर पाय देऊन चढायचं आणि बसल्या जागी रोज अर्धा तास पायडल मारायचं. त्याच आठवड्यात बाळासोंचं कार्ड आलं. पंत फोनवर बोलायला बुजतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"पंत, दिवाळीच्या पाडव्याला सायकलवरनं हुपरीला येणार हाईस का न्हाय, तेवढं कळव. एसटीनं येणार असलास तर येऊच नगंस. माझं बी गुडघं वाजत्यात की."

पंतांनी कार्ड पुस्तकात ठेवून दिलं. हो लिहिलं आणि जमलं नाही तर? नाही लिहिलं आणि मित्र दुखावला तर?

पंधरा दिवस नेमानं गेले. मग कंटाळा आला. एवढे पाय मारून पोचायचं कुठंच नव्हतं. पंत शेजारी स्टुलावर बसायचे, हातानं पायडल गरकन फिरवायचे आणि पुस्तक उघडायचे. चाक बराच वेळ कटकट करत फिरत राहायचं. आत त्यांच्या पत्नीला, कालिंदीकाकूंना वाटावं, व्यायाम चाललाय. मित्रांनो, ती लबाडी माझ्या आवाजात चालली होती, आणि मला गप्प बसता येत नव्हतं.

गणपती येऊन गेले. पंतांचा गुडघा पुन्हा धरू लागला. मला धास्ती वाटायची.

एका सकाळी काकू हात पुसत बाहेर आल्या. पंतांनी घाईनं पुस्तक मिटलं.

"अहो, माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, विसरलात का? चाक कटकटतंय म्हणजे पाय थांबलेत. दोन महिने ऐकतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी किती पुस्तकं होतात."

पंत मान खाली घालून म्हणाले, "मला नाही जमायचं गं. बाळासोला उगाच आशा कशाला लावू?"

"नाही जमणार तर तसं कळवा. तो माणूस तिकडं वाट बघतोय."

काकूंनी पाना आणला आणि माझा मागचा ब्रेक थोडा आवळला. आता पायाला जोर लागणार होता, आणि पाय थांबले की चाकही तिथंच थांबणार होतं.

पंत पाटावर चढले. पहिल्या दिवशी चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी पुन्हा चारच. दम लागला की ते मोठ्यानं सांगत, "थांबलो गं." आतून उत्तर येई, "कळलं." मग पुन्हा पाय.

मित्रांनो, पावसाळ्यात सायकलीला तेल द्याच, पण आपले पायही गंजू देऊ नका. कंटाळा येईल, थांबावंसं वाटेल. थांबा, पण थांबलात तर तसं सांगा, आणि पुन्हा सुरू करा.

दसऱ्याला काकूंनी माझ्या हँडलला झेंडूची माळ घातली. पंतांनी ब्रेक सैल केला आणि मला रस्त्यावर आणलं. त्यांची टांग दांडीला अडली. दुसऱ्यांदाही अडली. काकू दारात उभ्या होत्या. तिसऱ्यांदा पाय पलीकडे गेला.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत आम्ही डगमगत गेलो. पंतांनी खिशातून बाळासोंना लिहिलेलं कार्ड काढून पुन्हा एकदा वाचलं. त्यावर एवढंच होतं : "येतो. वाटेत दोन-तीनदा पाय टेकीन."

पेटीच्या तोंडाशी त्यांचा हात क्षणभर रेंगाळला. मग कार्ड आत पडल्याचा आवाज आला.