जनावरांच्या डॉक्टरांचं टेबल

मी एक जुने लाकडी टेबल आहे. एका सुताराने मला खास जनावरांच्या डॉक्टरांसाठी घडवले. तेव्हा तो म्हणाला होता, "डॉक्टर, यावर बैल जरी चढला तरी हे कुरकुरणार नाही."

मित्रांनो, मी खरंच कधी कुरकुरलो नाही. डॉक्टरांच्या पडवीत मी तीस वर्षे उभा होतो. पाय मोडलेली वासरे, गळू झालेली कुत्री, अडलेल्या शेळ्या, सगळे माझ्यावर आले. डॉक्टर टाके घालत आणि मदतनीस बाई जनावराला धरून ठेवत. "थांब गं, झालंच बघ," असे त्या म्हणाल्या की शेळीसुद्धा शांत होई. संध्याकाळी त्या मला गरम पाण्याने घासून काढत. ते कौतुक मला पुरत असे.

डॉक्टर गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. घर मिळाले शहरातल्या पुतण्याला. त्याने काकांना उभ्या जन्मात दोनदाच पाहिले होते. "लॉटरीच लागली की," असे म्हणत तो बायकामुलांसह हसत हसत आला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त इथले काही ठाऊक नव्हते.

मग त्या घरात चित्रीकरण करायला सिनेमावाले आले. त्यांची गोष्टही अशाच एका कुटुंबाची होती. त्या कुटुंबाला खेड्यातले घर अवचित मिळते, फजिती होते आणि शेवटी सगळे तिथेच रमतात. मला निळा रंग फासला गेला, माझ्यावर फळांची परडी आली. बाई दारात उभ्या होत्या. त्यांना सांगितले गेले, "मावशी, जरा बाजूला व्हा, तुम्ही चित्रात येताय."

शेवटच्या प्रसंगात नट माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "हे घर विकायचं नाही." ते ऐकून पुतण्याने डोळे पुसले. सिनेमा गाजला आणि महिन्याभरात त्याने घर एका हॉटेलवाल्याला विकले.

बाईंनी एवढेच मागितले, "टेबल तेवढं मला द्या. लोक अजून जनावरं आणतात माझ्याकडे."

पुतण्या ओशाळून म्हणाला, "मावशी, ते आता सिनेमातलं टेबल झालंय. हॉटेलवाल्यांनी त्याच्यासाठीच तर घर घेतलं."

आज मी हॉटेलच्या दर्शनी खोलीत आहे. भोवती दोरी आहे आणि 'हात लावू नये' अशी पाटी आहे. पाहुणे माझ्याजवळ हसत फोटो काढतात. खिडकीतून मला रस्त्यापलीकडचे बाईंचे अंगण दिसते. काल त्या भुईवर गुडघे टेकून एका कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधत होत्या. उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

मित्रांनो, माझ्यावर धुळीचा कण नाही, रोज पॉलिश होते. पण निगा म्हणजे हे नव्हे. तुम्हाला कधी कुणाचे घर असेच अवचित मिळाले, तर भिंती रंगवण्याआधी एवढे विचारा, की इथे रोज कोण राबत होते. आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायला सांगू नका.