बिनडोळ्यांचे मावळे

सोमा कुंभाराने टोपलीवरचा पेंढा बाजूला सारला आणि सोळा मातीचे मावळे माझ्याकडे बघू लागले. बघू लागले म्हणते खरी, पण त्यांना डोळेच नव्हते. मिशी, फेट्याची घडी, कमरेची तलवार सगळं साच्यातून निघालं तसं, भाजल्या मातीच्या रंगाचं. डोळ्यांच्या जागी नुसते खळगे.

"सोमाकाका, ही कोरीच आनलीत?"

"रंग द्यायला लेक व्हती, शकूताय. तिचं लगीन झालं, गेली पेनला. माजा हात थरथरतो. न्या अशीच, रंग तुमीच द्या." खालापूरहून डोक्यावर टोपली घेऊन आलेला म्हातारा, त्याच्याशी घासाघीस करायची माझी हिंमत झाली नाही.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी तोंडावर आली होती आणि कर्जतचा बाजार नुसता फुलला होता. शेजारच्याच दुकानात किल्ल्यावरची रंगवलेली चित्रं होती, मुंबईहून आलेली, एकजात लाल गालांची आणि एकजात डोळे वटारलेली. ती घेतली असती तर काम तिथंच आटोपलं असतं. घरी न्यायची, मांडायची, कुणाचे पाय धरायला नकोत. कोरी घेतली तर मात्र मला माझ्या भावाकडे, श्रीपतकडे जावं लागणार होतं. अंगरखे, ढाली, फेटे मी कसेही रंगवीन, पण डोळे मला जन्मात जमले नाहीत. मी रंगवलेला मावळा एका डोळ्याने दुश्मनाकडे बघतो आणि दुसऱ्याने चुलीकडे. डोळे माझा भाऊ काढायचा. आणि भाऊ तीन दिवाळ्या आमच्या गावी, पोशीरला आला नव्हता. आईला भेटून जायचा अधूनमधून, पण नेमका मी बालवाडीत शिकवायला गेलेली असताना.

आमचा खेळ सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. बाकीची पोरं किल्ला करतात, त्यावर चित्रं मांडतात आणि फराळाला पळतात. आम्ही मांडल्यावर सुरू व्हायचो. प्रत्येक मावळ्याला नाव, गाव, एखादी खोड, एखादी भीती. मी गोष्ट सांगायची, "धुकं उतरलंय, खालच्या दरवाजावर कोनतरी हाक मारतंय." आपला माणूस काय करील ते श्रीपतने ठरवायचं. मग चार कवड्या टाकायच्या. उताण्या जास्त पडल्या तर त्याचं खरं, नाहीतर माझं, आणि चारी पालथ्या पडल्या तर तो माणूस गेला. गेलेल्याला नदीत सोडायचं, पुन्हा मांडायचं नाही. घोड्याएवढी झालो, मी बालवाडीची बाई झाले, तो नेरळला माथेरानच्या गाडीच्या शेडमध्ये कामाला लागला, तरी वसुबारसेला आम्ही दोघं ओट्यावर चिखलात बसलेलो असायचो. गाव हसायचं. आम्हाला ऐकूच यायचं नाही, आम्ही गडावर असायचो.

श्रीपतचा माणूस होता लखू हवालदार. चौऱ्याहत्तरच्या भाऊबीजेला दुपारी मी विचारलं, "लखू काय करतो?" श्रीपत कवड्या खुळखुळवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लखू आता गड उतरतो. खाली बिराड करतो. बायकोला घेऊन तितंच ऱ्हातो."

मला लगेच कळलं. आईला आणि मला सोडून हा वहिनीला घेऊन नेरळला राहायला निघाला होता, आणि ते तोंडाने सांगायची हिंमत नाही म्हणून हा शहाणा मातीच्या माणसाकरवी निरोप देत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"टाक कवड्या," मी म्हटलं.

कवड्या घरंगळत तुळशीच्या कुंडीआड गेल्या. मी वाकून बघितलं. तीन उताण्या होत्या, एक पालथी. मी त्या मुठीत गोळा केल्या आणि म्हणाले, "चारी पालथ्या. खिंडीत वाघाने नेला लखूला."

 श्रीपतने लखूला उचललं आणि तो एकटाच नदीवर गेला. आठ दिवसांत त्याचं बिऱ्हाड नेरळला होतं.

जाणारा गेलाच असता, असं मी चार वर्षं स्वतःला बजावत आले. ते खरंही होतं. पण कवड्यांबद्दल मी खोटं बोलले होते, आणि आमच्या खेळात तेवढं एकच पाप होतं. कोरी चित्रं घेऊन त्याच्या दारात जायचं तर ते सांगावं लागणार होतं. नुसते डोळे काढून दे म्हणून कसं भागेल?

मी एक मावळा तळहातावर घेतला. ऊन त्याच्यावर पडलं आणि बाजाराचा गलका पाण्याखाली गेल्यासारखा मंद झाला. झोपेत चालणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता. वाटलं, आता हा माझ्या हातावरून उतरणार, उल्हास नदीचा पूल ओलांडणार, कापलेल्या भातखाचरांतून चालत चालत डोंगराच्या निळ्या सावलीत जाणार. मी कितीही हाका मारल्या तरी वळून बघणार नाही, कारण बघायला त्याच्याकडे काही नाहीच. मला रडू फुटलं. भर बाजारात, कुंभारापुढे.

सोमा घाबरला. "नको तं ऱ्हाऊ द्या, ताय."

"नाय काका," मी डोळे पुसले. "बांधा टोपली."

नेरळच्या एसटीत मी टोपली मांडीवर घेतली. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने डोळा लागला. पेंढ्यातून सोळा जणांचं कुजबुजणं ऐकू येत होतं, कुणी पाणी मागत होतं, कुणी आपलं नाव विचारत होतं, आणि मी प्रत्येकाला सांगत होते, थांबा, जरा थांबा, जवळ आलंय. कंडक्टरने हलवून उठवलं तेव्हाही मी "थांबा" असंच म्हणाले, तर तो म्हणाला, "थांबलीच हाय गाडी. उतरा."

श्रीपतचं घर मी पहिल्यांदाच बघत होते. तो दारातच बसून सायकलची साखळी बसवत होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"आय बरी हाय ना?"

"बरी हाय. मीच आले."

मी उंबऱ्यावर टोपली ठेवली, पेंढा सारला. त्याने हात फडक्याला पुसले, एक मावळा उचलला आणि त्या रिकाम्या खळग्यांवरून अंगठा फिरवला.

"कोरी घेतलीस?"

"दादा, लखू मेला नव्हता. तीन उतान्या पडल्या व्हत्या. मी खोटं बोलले."

वाटेत जुळवलेली इतर सगळी वाक्यं मी विसरले होते. श्रीपत मावळ्याकडेच बघत होता.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "मी बसलेलो तितनं कुंडीच्या आडचं दिसत व्हतं. दिसल्या मला."

 मी तिथंच खाली बसले. चार वर्षं मी त्याच्या रुसव्याला शिव्या घातल्या, आईपाशी त्याच्या चहाड्या केल्या, आणि ह्याला सगळं ठाऊक होतं.

"मंग तवाच का बोलला नायस?"

"तू बोलशील म्हनून थांबलो गं."

"चार वर्सं?"

"तुला किती लागतील ते मला काय म्हाईत?" असं म्हणून त्याने मावळा पुन्हा पेंढ्यात नीट निजवला. "डोळे हितं नको काढायला. पोशीरला जाईस्तवर वाटंत पुसतील. वसुबारसेला सकाळीच येतो, ओट्यावरच बसून काढू."

मग तो घरात तोंड करून वहिनीला म्हणाला, "सोनू, शकू आलीय गं. भात वाईच जास्त टाक."