खाचेतून दिसणारी भिंत

बंदराच्या उत्तरेला समुद्राने कड्यात एक खाच पाडली आहे. तिचं तोंड इतकं अरुंद, की समुद्रपक्षीसुद्धा आत शिरताना एक पंख मिटून घेतात. आत हाक मारली तर प्रतिध्वनी लगेच येत नाही. तो आधी सगळे कडे हिंडतो, दमतो आणि जेवणाच्या वेळेला परत येतो. तोवर आपण काय ओरडलो होतो हे आपणच विसरलेलो असतो. यातलं निम्मं खोटं धरून चाला. पण वादळात बंदरात शिरता आलं नाही, तर बोटीला या खाचेवाचून दुसरा आसरा नाही, एवढं मात्र खरं.

आत शिरायची वाट एकच, आणि तिच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली खडक दबा धरून बसलेले. म्हणून बोटवाल्यांची एक रीत होती. खाचेच्या टोकाशी एक काळा सुळका आहे. त्याच्यामागे, टेकाडाच्या माथ्यावर, एका घराची मागली, बिनखिडकीची भिंत. ती चुना देऊन पांढरीफेक ठेवलेली. सुळका आणि भिंत एका रेषेत आली की बोटीचं नाक सरळ ठेवायचं आणि आत घुसायचं. ‘मग डोळे मिटले तरी चालतं,’ असं त्या घराचा मालक म्हणायचा. त्याला सगळं बंदर थोरला म्हणे, आणि त्याच्या भावाला धाकटा.

थोरला चौदा वर्षांपूर्वी खोकल्याने गेला, अंथरुणातच. धाकटा आता एकोणसत्तर वर्षांचा होता, गुडघ्यांनी नव्वदचा, आणि तरी धाकटाच. ज्याला आपल्याआधी कुणी थोरला असतो, त्याची यातून सुटका नाही.

जाताना थोरला बायकोला एवढंच म्हणाला होता, की भिंत पांढरी ठेव. वहिनी दरवर्षी वादळांचे दिवस सुरू व्हायच्या आधी शिडी लावून चुना द्यायची. त्याच्या हयातीतही तीच द्यायची म्हणा. तो खाली उभा राहून कुठे राहिलंय ते दाखवायचा. एकूण चाळीस वर्षं. एवढ्या चुन्यात एक अख्खं गाव पांढरं झालं असतं.

आता मुलगी शहरातून रोज फोन करत होती. आई, तू इकडे ये. गुरुवारची बस आहे. वहिनीने बॅग काढली, दोन साड्या ठेवल्या आणि पुन्हा बाहेर काढल्या. मग सोमवारी सकाळी धाकटा नेहमीसारखा चहाला आला, तेव्हा तिने कप पुढे सरकवला आणि म्हणाली, “भाऊजी, मला एकदा खाचेत घेऊन चला.”

“कशाला?”

“भिंत बघायला. चाळीस वर्षं रंगवली, पण समुद्रावरून कशी दिसते ते मी कधी बघितलंच नाही. एकदा बघते, मग जायचं की राहायचं ते ठरवते.”

धाकट्याने कप तोंडाला न लावताच खाली ठेवला.

कारण अकरा वर्षांपूर्वी बंदरात जागा उरली नाही, म्हणून टेकाडाच्या खांद्यावर चार मजली बर्फखाना उभा राहिला होता. नेमका भिंतीच्या पुढ्यात. वहिनीने तेव्हाच विचारलं होतं, “भाऊजी, हा आडवा नाही का येणार?” आणि याने तोंड वर करून सांगितलं होतं, “वहिनी, पाण्यावरून नजरेचा कोन वेगळा असतो. जमिनीवरच्या माणसांना ते कळायचं नाही.” थोरला जाऊन तीनच वर्षं झाली होती. भिंतीशिवाय त्या बाईकडे त्याचं दुसरं काही काम उरलं नव्हतं. ते तरी कसं काढून घ्यायचं?

एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागतं. दरवर्षी हंगामाची पहिली फेरी करून आला की तो दारातूनच म्हणायचा, “वहिनी, यंदा तर भिंत दुधासारखी दिसतेय.” बंदरातल्या बाकीच्यांनी तोंडं शिवून घेतली होती. ज्याला त्याला वाटे, दुसरा कुणीतरी सांगेल. अकरा वर्षं झाली. खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते, आणि धाकट्याची ती संपत आली होती. पण खरं सांगायला तर त्याहून जास्त लागते.

“हवा बघून नेतो,” तो म्हणाला.

“उद्या हवा चांगली आहे. मी रेडिओ ऐकलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं धक्क्यावर उतरली. वहिनीने थोरल्याचा जुना कोट घातला होता. बोटीत पाय टाकायला तिला एवढा वेळ लागला, की तेवढ्यात शेजारच्या बोटीने जाळं चढवलं, दोर सोडला आणि ती निघूनही गेली. धाकट्याने हात दिला. ओढणारा आणि ओढली जाणारी, दोघांचे गुडघे एकाच सुरात कडकडले.

“तुमची बोट आहे की वाजंत्री?” वहिनी म्हणाली.

“बोट गप्प आहे. वाजतोय ते आपण.”

इंजिन तिसऱ्या झटक्याला खोकत सुरू झालं. धाकट्याने ते पुढच्या गिअरला टाकलं आणि सुकाणूपाशी पेटीवर बसला. पूर्वी तो उभा राहून बोट हाकायचा.

“ही बोट स्वतःच जाते हो,” तो म्हणाला. “एकदा मी धक्क्यावर झोपलो होतो, तर ही एकटी खाचेपर्यंत जाऊन आली. येताना सहा मासेही आणले. हिला वाट पाठ आहे.”

“तुमच्या दादांची बोट सात आणायची.”

वहिनी पुढच्या फळीवर पाठमोरी बसली होती, कोटात बुडून गेलेली. धाकटा तिच्या पाठीकडे बघत मनात वाक्यं जुळवत होता. ‘वहिनी, एक सांगायचं होतं.’ छे. ‘वहिनी, त्या बर्फखान्याचं असं झालं की.’ हेही नको. खरं सांगितलं तर ती गुरुवारी जाईल, पण चाळीस वर्षांवर पाणी सोडून जाईल. आणखी एक खोटं बोललं तर राहील, आणि बहात्तराव्या वर्षी पुन्हा शिडीवर चढेल. यातलं काहीही झालं तरी दोष त्याचाच. शिवाय ती गेली की सकाळचा चहा कुणाकडे, हाही प्रश्न होताच, पण तो त्याने मनातही मोठ्याने विचारला नाही.

लाटांचा आवाज बदलला. पाणी आता खडकांवर आपटून परत येत होतं. यावरून खाच जवळ आली हे त्याला कळलं. त्याने इंजिन हळू केलं आणि टेकाडाकडे नजर टाकली.

आणि त्याचा जीव भांड्यात पडला. समोर सगळं पांढुरकं, गढूळ. टेकाड नाही, बर्फखाना नाही, काही नाही. देवासारखं धुकं धावून आलं होतं.

“अरेरे,” तो शक्य तेवढ्या दुःखाने म्हणाला. “नशीब बघा वहिनी. एवढ्या लांब आलो आणि नेमकं धुकं. आज काही भिंत दिसायची नाही.”

वहिनी सावकाश मागे वळली. तिने आधी आकाशाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “लख्ख ऊन पडलंय.”

इंजिन आपलं धडधडत होतं. धाकट्याने डोळे चोळले. धुकं हललं नाही.

“त्या सुळक्यावर तीन पक्षी बसलेत,” ती पुढे म्हणाली. “मधला पाठ खाजवतोय. तुम्हाला सुळका तरी दिसतोय का?”

“सुळका म्हणजे... तिकडे आहे तो. कुठे जाणार आहे?”

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“हे धुकं.”

आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? धाकटा पेटीवर आणखी खाली सरकला. “तीनेक वर्षं झाली असतील. आधी संध्याकाळी यायचं. मग सकाळीही राहायला लागलं. या समुद्रावर निम्मे दिवस धुकंच असतं वहिनी. माझं कुठलं आणि त्याचं कुठलं, मीही फार खोलात गेलो नाही.”

“मला माहीत होतं,” वहिनी म्हणाली.

“कसं?”

“मी चार वर्षं भिंतीला चुना दिलेला नाही.”

धाकट्याला वाटलं, आता आपले कानही गेले.

“शिडीवरून घसरले,” ती म्हणाली. “फार नाही लागलं. पण पुन्हा चढायची छातीच होईना. भिंत काळी पडली, मग हिरवी झाली, तिच्यावर शेवाळ आलं. तेव्हापासून प्रत्येक वादळात मी जीव मुठीत धरून बसले. वाटायचं, आता कुणीतरी दार ठोठावेल आणि म्हणेल, बाई, तुमच्यामुळे बोट फुटली. आणि दारात आलात तुम्ही. ‘वहिनी, यंदा तर भिंत दुधासारखी.’ पहिल्या वर्षी वाटलं, चेष्टा करताय. दुसऱ्या वर्षी वाटलं, माझी समजूत घालताय. तिसऱ्या वर्षीही दूधच. तेव्हा म्हटलं, या माणसाला दिसत नाही, आणि हा अजून बोट हाकतोय. म्हणून आज आले. भिंत बघायला नाही, तुमचे डोळे बघायला.”

धाकटा हसला. हसायची इच्छा नव्हती, पण ते खोकल्यासारखं आपोआपच बाहेर पडलं.

“वहिनी, तुमचं चुकलं. मी दूध म्हणत होतो ते डोळ्यांमुळे नव्हे. जरा टेकाडाकडे बघा आणि सांगा, भिंत दिसते का?”

तिने कपाळावर हात धरला. घर शोधलं. सुळक्यापासून नजर वर नेली, पुन्हा खाली आणली.

“बर्फखानाच दिसतोय,” ती म्हणाली. “नुसता बर्फखाना. आपलं घर कुठाय?”

“त्याच्या मागे. अकरा वर्षं.”

तिचा चेहरा बघायला धाकट्याने उजवा हात तोडून दिला असता. त्याला दिसत होता तो फक्त एक कोट, आणि त्याच्यावर एक धूसर ठिपका.

“मग बोटी आत कशा शिरतात?” तिने विचारलं.

“बर्फखान्याच्याच कडेवरून. पांढरा आहे ना तो.”

“त्याला चुना कोण देतं?”

“कुणी नाही. पत्रा आहे.”

“पत्रा,” वहिनी म्हणाली. मग कोटाच्या बाह्या सावरत तिने हिशेब लावला. “म्हणजे सात वर्षं मी उगाच शिडीवर चढले, आणि चार वर्षं उगाच घाबरले.”

“सांगायला हवं होतं मी.”

“हो, हवं होतं.” ती थकलेल्या आवाजात म्हणाली, रागाने नव्हे. “मीही सांगायला हवं होतं. तुमच्या दादांना काय वाटेल, म्हणून नाही बोलले. चौदा वर्षं झाली त्या माणसाला जाऊन, अजून खाली उभा राहून कुठे राहिलंय ते दाखवतोय.”

मधला पक्षी उडाला असावा. निदान पंखांचा आवाज तरी धाकट्याला ऐकू आला.

“चला परत,” वहिनी म्हणाली आणि फळीवर तोंड पुढे करून नीट बसली. “जरा डावीकडे घ्या. आणखी. पुढे काहीतरी तरंगतंय, लाकूड आहे. आता सरळ.”

“मला वाट पाठ आहे, वहिनी.”

“लाकडाला नाही ना पाठ.”

त्याने सुकाणू डावीकडे घेतलं. बोटीच्या अंगाला घासून काहीतरी जड मागे गेलं. त्याच्या कपाळावर घाम आला. यायच्या वाटेवर असं काय काय होतं, कोण जाणे. मग ती सांगत गेली आणि तो वळवत गेला. हे त्याला अपमानाचं वाटायला हवं होतं. पण गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला होता, आणि अपमान करून घ्यायलाही थोडी उमेद लागते.

बंदराचा भोंगा ऐकू आला तेव्हा ती मागे न बघताच म्हणाली, “गुरुवारची दोन तिकिटं काढा.”

“दोन कशाला? पुतणीचं घर केवढं, त्यात मी कुठे मावणार?”

“तिच्या गल्लीच्या तोंडाशीच डोळ्यांचा डॉक्टर आहे. मी तिला विचारून ठेवलंय. डोळ्यांवर पडदा आला असेल तर काढतात म्हणे, अर्ध्या तासात. नंतर परत यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.”

“आणि बोट?”

“तिचं काय? ती एकटी जाऊन सहा मासे घेऊन येते ना?”

धाकट्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण समोरून धक्का येत होता, म्हणजे यायला हवा होता, आणि वहिनीने हात वर केला होता, किंवा केल्यासारखा वाटला. त्याने इंजिन बंद केलं आणि ती काय सांगते याची वाट बघत बसला.