मिसेस टोलेफसन यांनी काय पाहिलं

डार्सीच्या गाडीत बसायचं म्हटलं की ओरेस्टला मळमळायचं. आता हे कोण म्हणतंय ते बघा. ज्याने तीस वर्षं आसपासच्या चार गावांच्या संडासाच्या टाक्या उपसल्या, तो. पण ओरेस्ट कोवालिकचा मैल्याचा ट्रक कधी आतून बघितला असतात तर कळलं असतं. केबिन इतकी चकाचक की सीटवर भात सांडला तर उचलून खावा. घाण होती ती मागे, टाकीत, झाकणाखाली. डार्सीच्या पिकअपमध्ये घाण पुढेच बसायची आणि ओरेस्टने तिला खेटून बसायचं.

डार्सी म्हणजे बहिणीचा नवरा. हा तंबाखूची गोळी गालात धरायचा आणि कॉफीच्या कागदी पेल्यात थुंकायचा. पेला दोघांच्या मधल्या खाचेत. मागच्या सीटवर ओलं कुत्रं, पायाशी कधीचे तरी तळलेले बटाटे, आणि काचेवर कुत्र्याच्या नाकाची नक्षी. सास्काटूनच्या मोठ्या इस्पितळात जायचे अडीच तास, बर्फाने फुटलेला रस्ता, आणि प्रत्येक खड्ड्याला तो पेला डुचमळायचा. ओरेस्ट रस्त्याकडे बघतच नसे, पेल्याकडे बघायचा.

"नाक काय मुरडतोस मेव्हण्या," डार्सी म्हणायचा. "तू काय अत्तर विकतोस?"

ज्याच्या गाडीत फुकट बसायचं त्याला काय बोलणार? लायसन्स जाऊन पाच महिने झाले होते.

झालं असं होतं. ऑक्टोबरात चर्चच्या हॉलमध्ये टर्कीचं मोठं जेवण असतं, तीनशे पानं उठतात. तीनशे माणसं जेवणार म्हणजे पुढचं काय होणार ते उघड आहे, म्हणून ओरेस्ट सकाळीच हॉलची टाकी उपसायला गेला. स्वयंपाकघरात मिसेस टोलेफसन एकट्याच होत्या. वय चौऱ्याहत्तर, बायकांच्या मंडळाच्या प्रमुख. ओरेस्ट सहा वर्षांचा असताना रविवारच्या वर्गात त्यांनीच त्याला प्रार्थना शिकवली होती. त्या म्हणाल्या, पाचच मिनिटांत सूप देते, खाऊन जा. ओरेस्टने हात धुतले आणि इन्सुलिन टोचून घेतलं. पाच मिनिटांची चाळीस झाली, कारण बाई बटाट्यांत गुंतल्या. आणि 'बाई, मला आत्ता खायला द्या' असं ओरेस्टला म्हणवेना. त्या मुलखात असं कोणी म्हणतच नाही. माणूस मरेल, पण दुसऱ्यांदा बन मागणार नाही.

पुढचं त्याला आठवत नव्हतं. शुद्ध आली तेव्हा तो फरशीवर होता, विजार ओली, जीभ चावलेली, आणि तोंडात केकवरचं गुलाबी क्रीम. क्रीम बाईंनीच बोटाने चोळलं होतं. ॲम्ब्युलन्स आली पाऊण तासाने. तोवर क्रीमने आपलं काम केलेलं. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी साखर तपासली तर एकदम छान. कागदावर लिहिलं गेलं: फिट आली, साखर ठीक, कारण माहीत नाही.

त्या 'कारण माहीत नाही'ने ओरेस्टचा घात केला. मेंदूच्या डॉक्टर एझेनवा बाईंनी त्याला सरळ सांगितलं. साखर उतरल्यामुळे फिट आली असेल तर ठीक. पाच महिन्यांची साखरेची नोंद त्याने नीट ठेवली आहे, त्या लिहून देतील आणि लायसन्स परत मिळेल. पण फिट आपली आपण आली असेल तर जड गाडीचं लायसन्स पाच वर्षं विसरायचं. ओरेस्ट छप्पन्नचा होता. पाच वर्षांनी ट्रक भंगारात आणि तो खुर्चीत. डॉक्टर म्हणाल्या, मशीनने केलेल्या तपासण्या दोन्हीकडे बोट दाखवतात. मला बघणारा माणूस पाहिजे. आधी घाम आला का, बरळलात का, किती वेळ झटके आले, गोड दिल्यावर किती वेळात शुद्ध आली, सगळं. लेखी.

बघणारं माणूस एकच होतं. मिसेस टोलेफसनना निरोप गेला आणि त्यांनी लगेच पत्र पाठवलं, कोपऱ्यात जांभळी फुलं छापलेल्या कागदावर. ते पत्र डॉक्टरांनी सास्काटूनच्या आजच्या फेरीत ओरेस्टला वाचून दाखवलं.

'त्या दिवशी ओरेस्टला जरा बरं वाटत नव्हतं. त्याने थोडा वेळ जमिनीवर विश्रांती घेतली. मी त्याला थोडं गोड दिलं. पूर्ण वेळ तो अगदी सभ्य गृहस्थासारखा वागला.'

डॉक्टर एझेनवांनी चष्म्यावरून बघितलं. "विश्रांती घेतली?"

"बाई तशा भल्या आहेत," ओरेस्ट म्हणाला.

"मिस्टर कोवालिक, या पत्रावर मी तुम्हाला सायकलही चालवू देणार नाही. दोन आठवड्यांनी फाइल बंद करायची आहे. खरं काय झालं ते आणा."

परतीच्या वाटेवर त्याला त्या पेल्यापेक्षा त्या जांभळ्या फुलांची जास्त किळस आली. ही सभ्य माणसं. टाकी तुडुंब भरून अंगणात वर आली तरी फोनवर म्हणणार, "आमच्याकडे जरा ओलसर वाटतंय रे." तीस वर्षं त्याने या 'ओलसर'मध्ये गुडघाभर उभं राहून काम केलं होतं. कोण काय गिळतं, कोण काय लपवतं, सगळं त्याला ठाऊक. एक शब्द कधी बोलला नव्हता. आणि त्याबद्दल स्वतःवर खूषही होता.

दुसऱ्या दिवशी वितळत्या बर्फातून दोन किलोमीटर चालत तो मिसेस टोलेफसनकडे गेला. बाईंनी त्याला कॉफी दिली, लिंबाच्या वड्यांची बशी पुढे केली आणि विचारलं, पत्र आवडलं ना डॉक्टरांना? फार मनापासून लिहिलं होतं.

ओरेस्टने समजावलं. घाम, बरळणं, झटके, ओली विजार, सगळं लिहा म्हणाला. बाईंनी बशी अजून थोडी पुढे सरकवली.

"ओरेस्ट बाळा, असल्या गोष्टी कोणी कागदावर लिहितं का?"

"लिहिल्या नाहीत तर माझा ट्रक गेला, मिसेस टोलेफसन."

"पण मी तुझी आब राखली रे."

"नको ती आब. मी मुतलो होतो ते लिहा."

बाईंनी डोळे मिटून घेतले, जणू कोणी चर्चमध्ये ढेकर दिली. त्या म्हणाल्या, आपण एकमेकांचं झाकायचं असतं. तू नाही का झाकत सगळ्यांचं? सगळं गाव म्हणतं, ओरेस्ट देवमाणूस, कुणाच्या घरचं काही बाहेर नेत नाही.

इथे ओरेस्टचा तोल गेला. पाच महिने डार्सीचा पेला, पाच महिने लोकांची मेहेरबानी, आणि वर हे कौतुक. तो खिडकीबाहेर बघून म्हणाला, "तुमचा विलो आठवतो?"

बाईंचा चेहरा पडला. अंगणात विलोचं मोठं झाड होतं. त्यांच्या नवऱ्याने, आता वारलेल्या आर्विडने, दुष्काळात बादल्या वाहून जगवलेलं. सहा वर्षांपूर्वी टाकी दोनदा तुंबली, ओरेस्टने मुळं शिरलीत असं सांगितलं, आणि बाईंनी माणूस बोलावून झाड पाडलं.

"मुळं नव्हती," ओरेस्ट म्हणाला. "डायपर होते. मोठ्या माणसाचे. बादलीभर. आर्विड स्वतः संडासात टाकत असणार, केराच्या पिशवीत कोणाला दिसू नयेत म्हणून. मी हाताने काढले. तुम्हाला कसं सांगायचं कळेना, म्हणून मुळं म्हणालो. मला काय माहीत तुम्ही कुऱ्हाड आणाल."

बाईंनीही खिडकीकडे बघितलं.

"तो खिडकीत बसला होता," बाई म्हणाल्या. "झाड पडताना बघत होता. मी म्हटलं वाईट वाटतंय का, तर म्हणाला, नाही, बरं झालं, उजेड येईल."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं."

"त्याला ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं." बाईंनी वड्यांची बशी उचलली, ओरेस्टच्या हातातली अर्धी वडी काढून तीत टाकली आणि बशी ओट्यावर आपटली. चाळीस वर्षांत त्या घरात भांडं आपटल्याचा आवाज कोणी ऐकला नसेल. "भित्रा कुठला. किळस आली मला तुझी. तुझी, त्याची, माझीसुद्धा."

त्यांनी खण उघडला. फुलांचा कागद फेकला आणि रेघांची वही काढली. मग लिहायला बसल्या, पेन असं दाबून की टेबल कापलं जावं. मध्येच थांबून त्यांनी उजव्या हाताचं बोट ओरेस्टच्या नाकासमोर धरलं. पेराखाली पांढरा वण होता. "हा तू चावलास. तेही लिहिते." त्याला हे नवीनच होतं. पाच महिने या बाईने बोट लपवलं होतं.

अडीच पानं भरली. पाकिटाला चिकटपट्टी लावून त्यांनी ते त्याला दिलं आणि दार उघडं धरलं. 'परत ये हं' म्हणाल्या नाहीत.

दहा दिवसांनी पुन्हा सास्काटून. डॉक्टर एझेनवांनी पाकीट फाडलं आणि मोठ्याने वाचत गेल्या तशा खुर्चीत पुढे सरकल्या. चेहरा पांढराफटक, घाम गळ्यातून शर्टात. मला 'म्हातारी गाय' म्हणाला. बटाटे ठेचायचं लाकूड भिंतीवर मारलं. मग पडला, हातपाय आपटले, घड्याळात दीड मिनिट. विजारीत लघवी. तोंडातून फेस आणि रक्त, फरशी मला दोनदा पुसावी लागली. क्रीम चोळलं, बोट चावलं, आठ मिनिटांनी उठून विचारलं, सूप झालं का.

"उत्तम," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे तुमच्यासाठी उत्तम. साखरच आहे ही, दुसरं काही नाही. कोण आहेत या बाई? असं लिहिलंय जणू तुम्हाला फाशी द्यायचीय."

मग त्यांनी कागद त्याच्यासमोर ठेवला. शेवटी सही करायची होती, साक्षीदाराचं म्हणणं मला मान्य आहे म्हणून. ओरेस्टने स्वतः वाचायला घेतलं. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होतं, ते डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं नव्हतं. 'पडण्याआधी तो रांगत फरशी पुसायच्या बादलीपाशी गेला आणि तोंड घालून त्यातलं पाणी प्यायला.'

ओरेस्टने ते वाक्य दुसऱ्यांदा वाचलं. तो दुसऱ्याच्या कपाला ओठ लावत नसे. त्या बादलीत काय असतं ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? टर्कीची चरबी, बुटांचा चिखल, संडासाची फरशी पुसलेलं पाणी. त्याने आठवायचा प्रयत्न केला. फक्त क्रीमची चव आठवली. प्यायला असेल? की बाईंनी खोटं लिहून झाडाचा हिशोब चुकता केला?

"असं होऊ शकतं?" त्याने बादलीवर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी वाकून वाचलं. "साखर इतकी उतरली की माणूस काहीही पितो. काय, नाही प्यायलात?"

नाही म्हणावं तर साक्षीदार खोटा, आणि साक्षीदार खोटा तर अडीच पानं खोटी. हो म्हणावं तर त्याच्या फाइलमध्ये जन्मभर ती बादली. जो कारकून फाइल उघडेल तो वाचणार, चहा पिता पिता.

खाली गाडीत डार्सी वाट बघत होता, पेला भरत.

ओरेस्टने पेन उचललं.

"प्यायलो," तो म्हणाला, आणि सही केली.