उजव्या कोपऱ्यातली खाट

"काका, अजून ठेवलंय ते?" साहेब पाठीमागे येऊन उभे राहिले होते. "आकडे चुकतायत तुमचे. त्या चित्राखालचं काय दिसणार तुम्हाला?"

पालिकेच्या खिडकीवर पाण्याच्या तक्रारी नोंदवून घेणाऱ्या काकांच्या कॉम्प्युटरवर, उजव्या कोपऱ्यात, घरातली एक खोली दिसत होती. खाट, आणि तिच्यावर घडी घातलेली चादर. बायकोने अंथरूण धरलं तेव्हा लेकीने हे विजेट, खोलीतल्या कॅमेऱ्याचं सगळ्यावर तरंगणारं छोटं चित्र, बसवून दिलं होतं. त्यावर क्लिक केलं की बायकोच्या उशाशी बेल वाजायची आणि ती हात वर करायची. आहे हो अजून, एवढंच सांगायला. आता हात वर करणारी गेली होती आणि खाट तेवढी मागे राहिली होती.

"काढतो," काका म्हणाले खरे, पण बंद करायला हात धजेना. मग त्यांनी पारदर्शकतेची पट्टी धरली आणि शेवटपर्यंत सरकवत नेली. चादर फिकी होत होत गेली, मागून खाटही गेली. तक्रारींचा तक्ता स्वच्छ दिसू लागला. साहेबांचं समाधान झालं.

मान खाली घालून त्यांनी नोंद भरली. पण उजव्या कोपऱ्यातलं सेव्हचं बटण काही केल्या दाबलं जाईना. त्यांनी पुन्हा दाबलं, मग चिडून दाबतच राहिले. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, आईच्या खोलीत बेल वाजतेय," ती म्हणाली. "थांबतच नाहीये. मी दारात उभी आहे, आत पाऊल टाकवत नाही."

काकांनी माऊसवरचं बोट उचललं. दिसत नसली तरी ती खोली होती तिथेच होती. बटणावर ठाण मांडून त्यांचा प्रत्येक क्लिक स्वतः घेत होती.

"मीच गं ते," काका कसेबसे म्हणाले. "चुकून झालं."

"काढून टाकू का बेल?"

काकांनी रिकाम्या दिसणाऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"राहू दे," लेकच म्हणाली. "पण जेवणाच्या सुट्टीतच वाजवत जा. म्हणजे कळेल, तुम्हीच आहात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता डावीकडे ओढून घेतला आणि कोपरा मोकळा सोडला. सुट्टीत त्या मोकळ्या जागेवर एकदाच क्लिक केलं, आणि त्यांच्याही नकळत त्यांचा हात वर गेला.

बाकावर ताटकळलेल्या माणसाला वाटलं, आपल्यालाच बोलावलं. तो उठून खिडकीशी आला.

"बोला," काका म्हणाले, आणि हात खाली घेतला.