तीन मजली चिप

तिने तिसऱ्या चिपचे सोळा पाय दुसरीच्या सोळा पायांवर टेकवले, तिन्हींच्या खाचा एकाच बाजूला आहेत ना हे भिंगातून पुन्हा पाहिलं आणि सोल्डरिंगची तापलेली सळई अशी पुढे नेली, जणू समोर चिप नसून कुणाचा तरी कान आहे.

"आवर गं, तासाभरात निघायचंय," दादा दारातून म्हणाला. तो तिचा थोरला भाऊ, बँकेत अधिकारी आणि रोबो-क्लबचा अध्यक्ष. क्लबात सात सभासद होते. सहा जण मार्गदर्शन करत, ती सोल्डर करे.

मोटरला वीज पुरवणारी एक चिप आठ किलोच्या गाडीपुढेच मान टाकत होती आणि आज स्पर्धेत बारा किलो ओढायचे होते. मोठी चिप मागवायला हवी, असं ती महिन्यापूर्वीच म्हणाली होती. पण तेव्हा रोबोच्या रंगावर बैठका चालू होत्या. रंग ठरला, चिप राहिली. म्हणून आता एकीच्या डोक्यावर दुसरी, दुसरीच्या डोक्यावर तिसरी. ओझं तिघींत वाटून घ्यायचं.

"हे काय, इमारत बांधलीस?" दादाने नाक मुरडलं.

"बारा किलो ओढेल. फक्त वरून हवा लागू दे. झाकू नकोस."

"हो हो."

दादाच्या 'हो हो'चा अर्थ वहिनी लग्नानंतर पंधरा दिवसांत शिकली होती. बहीण चाळीस वर्षांत शिकली नव्हती.

स्पर्धेच्या सभागृहात दादाने पिशवीतून रोबो काढला. चिपांवर काळं झाकण होतं, चार स्क्रूंनी घट्ट आवळलेलं. त्यावर सोनेरी अक्षरांत 'संकल्पना, रचना व निर्मिती' आणि खाली दादाचं पूर्ण नाव, पदवीसकट.

ती बघतच राहिली. ती काम करायची ते अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान महिनाअखेर बंद होणार होतं. परीक्षकबाईंचा स्वतःचा कारखाना होता आणि जिंकणाऱ्या रोबोचा कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारं हे सर्किट, ज्याने केलं, त्याला त्या कामावर घेणार होत्या. हे दादानेच वाचून दाखवलं होतं, मोठ्याने.

"झाकण काढ, दादा. गुदमरतील त्या."

"ते ध्यान दाखवू लोकांना? क्लबची काही इभ्रत आहे."

"आणि माझं नाव?"

"अगं, घरचं काम हे. आईने कधी भाजीवर नाव घातलं का?"

तिने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. एक स्क्रू निघाला, दुसरा अर्धा फिरला आणि त्यांचा क्रमांक पुकारला गेला.

तीन मिनिटं. रेषेवरून सुटल्यावर यंत्राला हात लावला की बाद.

रोबोने बारा किलोची गाडी अशी ओढली की मागच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. अर्धी वाट गेली. मग तो थांबला. आवाज नाही, धूर नाही.

दादा तिच्याकडे वळला. "जाळलंस ना!"

"जळलं नाही. तापलंय. फार तापली की चिप स्वतःच बंद पडते, निवली की—"

"गप्प बस! नसती अक्कल."

 तिने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं.

परीक्षकबाई कागद घेऊन जवळ आल्या. "कंट्रोलर कुणी केलाय?"

"हिने," दादा तत्काळ म्हणाला. "सगळा हिनेच. मी सांगत होतो असलं काही करू नकोस म्हणून. मी तर हातसुद्धा लावलेला नाही."

बाईंनी झाकणावरची सोनेरी अक्षरं वाचली, मग दादाकडे पाहिलं. "नक्की?"

"शपथेवर सांगतो."

"नाव?"

तिने नाव सांगितलं. बाईंनी ते पेनाने लिहिलं. 'पूर्ण' म्हणाल्या, तेव्हा तिने पूर्ण सांगितलं, सावकाश.

रोबोला एक हिसका बसला. चाकं गरगरली, गाडीची दोरी ताणली गेली आणि बारा किलो पुढे सरकू लागले. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात एकोणीस सेकंद उरले होते. आधीच्या एकाही रोबोला तिथवर पोचणं जमलं नव्हतं. सभागृहात टाळ्या पडल्या. दादानेही वाजवल्या, सगळ्यांच्या आधी थांबवल्या.

"म्हणजे मॅडम, तशी मूळ कल्पना जी होती ना, ती—"

"फोन नंबर?" बाईंनी तिला विचारलं.

क्लबच्या प्रत्येक कागदावर आजवर दादाचाच नंबर जात असे. तो त्याने सवयीने सांगायला सुरुवातही केली.

"तो नाही," ती म्हणाली, आणि स्वतःचा सांगितला.